बदकाचे किती घ्यायचे?

पाण्याला घाबरणारं बदक हा काही कुणाची झोप उडवण्याजोगा प्राणी नाही. पण ते लेखापालांच्या घरात शिरलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्या इमारतीत दुसरा विषय निघाला नाही.

लेखापाल हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. पाणीपुरवठा कार्यालयाच्या हिशेब विभागात सगळी नोकरी काढून ते निवृत्त झाले, पण हुद्दा त्यांनी परत केला नाही आणि लोकांनीही मागितला नाही. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण अजून ‘काय लेखापालसाहेब’ म्हणूनच थांबायचा. त्यांच्या पत्नीनं शाळेत चित्रकला शिकवलेली, म्हणून त्या सगळ्यांच्या बाई. घरात लेखापाल त्यांना ‘अगं’ म्हणत, पण चारचौघांत त्यांच्याही तोंडात ‘आमच्या बाई’ असंच यायचं.

बाईंच्या हातात कला होती आणि ही गोष्ट सगळ्या इमारतीला फार सोयीची होती. कुणाच्या मुलाला शाळेत तक्ता न्यायचा असो, कुणाकडे वाढदिवस असो, ‘उद्या पाणी येणार नाही’ ही जिन्यातल्या फळ्यावरची सूचना जरा बरी दिसावी असं कुणाला वाटो, मंडळी बाईंकडे यायची. ‘तुम्हाला काय वेळ लागतो हो, दोन मिनिटांचं काम’ असं म्हणायची आणि दोन दिवसांनी न्यायला यायची. बाईंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि चित्राचे पैसे मागायचे असतात हे तर त्यांच्या गावीही नव्हतं. उरलेल्या वेळात त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून मनाला येईल ते काढायच्या. दुसऱ्या शहरात नोकरी करणारी त्यांची मुलगी एकदा सुट्टीत आली, तिनं त्या चित्रांचे फोटो काढले, इंटरनेटवर टाकले आणि निघून गेली. बाई ते विसरूनही गेल्या.

आणि एक दिवस कुठल्याशा दूरच्या देशातून निरोप आला. तिकडे लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणारी एक लेखिका होती. तिनं पाण्याला घाबरणाऱ्या एका बदकाची गोष्ट लिहिली होती, ती सोबत जोडली होती, आणि बाईंची चित्रं पाहिल्यापासून पुस्तकातली सगळी चित्रं बाईंनीच काढावीत असं तिच्या मनानं घेतलं होतं. शेवटी तिनं साधे दोन प्रश्न विचारले होते. एका चित्राचे किती घ्याल, आणि पैसे कसे पाठवू?

बाईंनी तो निरोप उभ्यानं वाचला, मग बसून वाचला, मग लेखापालांच्या हातात दिला. लेखापालांनी चष्मा पुसून वाचला. त्यांना इतका आनंद झाला की ते आत जाऊन चहा टाकून आले, आणि लेखापाल आपणहून चहा टाकतात ही काही रोजची घटना नव्हती. मग कप हातात घेऊन दोघं समोरासमोर बसले आणि पहिल्याच प्रश्नावर घोडं अडलं.

“किती सांगायचे?” बाईंनी विचारलं.

“तूच सांग. चित्र तुझं आहे.”

“मी कशी सांगू? मला कसंतरीच होतं. हिशेबातले तुम्ही आहात.”

लेखापाल हिशेबातले होते हे खरं. पण त्यांच्या हिशेबातले सगळे आकडे वरून ठरून यायचे. पाण्याचा दर वरचे ठरवायचे, पगार वरचे ठरवायचे, दंडसुद्धा वरचेच ठरवायचे, आणि लेखापालांनी फक्त बेरीज करायची. एखाद्या वस्तूची किंमत आपण होऊन ठरवण्याची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यातून बायकोच्या चित्राची किंमत बायकोसमोर सांगायची, म्हणजे कमी सांगितली तर घरात बोलणी आणि जास्त सांगितली तर बाहेर हसं. त्यांनी घसा साफ केला.

“आधी पैसे घ्यायचे कसे ते नक्की करू,” ते म्हणाले. “एकदा मार्ग ठरला की आकडा काय, केव्हाही सांगता येईल.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. लेखापालांचाही पडला. पुढे जे रामायण घडलं ते सगळं या एका वाक्यातून घडलं, पण त्या वेळी दोघांना ते फार शहाणपणाचं वाटलं. लेखिकेला उत्तर गेलं की काम आनंदानं करू, रक्कम कोणत्या मार्गानं स्वीकारायची ते यथावकाश कळवण्यात येईल. यातलं ‘आनंदानं करू’ बाईंचं होतं, बाकीचं लेखापालांचं.

मार्ग ठरवायचा म्हणजे चार लोकांना विचारणं आलं. लेखापालांनी मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, पैसे घेणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्याकडे खातं उघडा, पाच मिनिटांचं काम आहे. हे वाक्य बाईंना ओळखीचं वाटलं. तिच्या मागून जावईबापूंचा आवाज आला की आजकाल इंटरनेटवरचं नाणं मिळतं, ते घ्या, त्याचा भाव दर तासाला वाढतो. दर तासाला वाढणारी वस्तू दर तासाला उतरूही शकते, असं लेखापालांनी त्यांना सुनावलं नाही, कारण जावई होते. नाणं मात्र त्यांनी मनातून खोडून टाकलं.

समोरच्या दारात राहणाऱ्या विमावाल्यांचा कशावरच विश्वास नव्हता, तो त्यांचा धंदाच होता. त्यांनी सल्ला दिला की चेक मागवा, चेक हातात धरता येतो. वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीणबाई, म्हणजे ज्यांच्या सहीशिवाय इमारतीत दिव्याचा बल्बसुद्धा बदलला जात नसे, त्यांनी याहून सोपा उपाय काढला. त्यांचा भाचा तिकडेच असतो. लेखिकेनं पैसे भाच्याच्या हातात द्यावेत, भाचा पुढच्या वर्षी येईल तेव्हा घेऊन येईल. तिकडे म्हणजे कुठे, असं लेखापालांनी विचारलं तेव्हा भाचा आणि लेखिका यांच्यामध्ये एक अख्खा समुद्र निघाला. “बाहेरच ना पण दोघं,” सेक्रेटरीणबाई म्हणाल्या.

लेखापालांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले. खर्च, वेळ, धोका. आखताना त्यांच्या पाठीचा कणा कितीतरी दिवसांनी ताठ झाला होता. निवृत्त माणसाचं दुखणं असं असतं की घरात सगळे त्याचा मान ठेवतात, पण त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. बाईंचं अडलं होतं. ज्या बाईंनी भाजी आणण्यापासून मुलीचं लग्न ठरवण्यापर्यंत कशातच स्वतःचं अडू दिलं नव्हतं, त्यांचं पहिल्यांदाच काहीतरी लेखापालांवाचून अडलं होतं, आणि ते आपण नीट पार पाडायचं असं त्यांनी अगदी मनापासून ठरवलं होतं. बाईंच्या चित्रांची पहिली कमाई व्यवस्थित, कायदेशीर आणि पावतीसह घरात आली पाहिजे. तोवर एकही चित्र बाहेर पाठवायचं नाही, असा नियमही त्यांनी घालून दिला. बाई बरं म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बदकाचे पाय काढू लागल्या.

शेवटी मुलीच्या कंपनीची निवड झाली. पाच मिनिटांच्या कामाला लेखापाल सकाळी आंघोळ करून बसले.

कंपनीनं पहिल्याच पानावर व्यवसायाचं नाव विचारलं. बाई म्हणाल्या, माझंच घाला. लेखापालांचं मत पडलं की परदेशी माणसाला नावातून भरवसा वाटला पाहिजे. सहज डोकावलेल्या सेक्रेटरीणबाईंनी ‘इंटरनॅशनल’ हा शब्द कुठेतरी असावा असा आग्रह धरला, आणि दुपारच्या जेवणापर्यंत ‘बाई चित्रकाम इंटरनॅशनल’ ही संस्था अस्तित्वात आली. व्यवसायात माणसं किती, असा पुढचा प्रश्न होता. लेखापालांनी दोन लिहिलं. बाईंच्या नावापुढे चित्रकार असं टाकलं आणि स्वतःच्या नावापुढे, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मुख्य वित्त अधिकारी असं टाकलं. सगळ्या नोकरीत न मिळालेली बढती त्यांना अशी स्वयंपाकघराच्या दाराशी मिळाली. त्यानंतर कंपनीनं एका कामाचा साधारण दर विचारला होता. लेखापालांनी तिथे ‘नंतर कळवू’ असं लिहिलं आणि घाईनं पान उलटलं.

मग चेहरा आला. खातेदारानं फोनच्या कॅमेऱ्यात बघायचं, मान डावीकडे करायची, उजवीकडे करायची, पापणी मिटायची, म्हणजे माणूस खरा आहे हे कंपनीला कळणार होतं. बाईंचे हात कोपरापर्यंत रंगात होते. हात धुऊन येते, असं म्हणून त्या मोरीकडे गेल्या. तोवर उजेड पुरेसा आहे की नाही ते पाहावं म्हणून लेखापालांनी फोन समोर धरला. डावीकडून उजेड कसा येतो ते पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि डोळ्यांवर तिरीप आली म्हणून पापणी मिटली. फोन म्हणाला, धन्यवाद, आपली ओळख पटली.

बाई हात पुसत आल्या तोवर कंपनीच्या दृष्टीनं त्या मिशा असलेल्या गृहस्थ झाल्या होत्या. त्यांनी स्वतःचा चेहरा दाखवून पाहिला. कंपनीनं सभ्य शब्दांत कळवलं की हा चेहरा खातेदार बाईंशी जुळत नाही, तुम्ही दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न करत आहात का. बाईंना हसू आवरेना. लेखापालांना मात्र हे लागलं, कारण चूक त्यांची होती आणि हसू बायकोचं होतं. त्यांनी कंपनीला सविस्तर खुलासा पाठवला. खुलाशात उजेडाची दिशासुद्धा दिली होती.

खुलासा मान्य झाला, पण कंपनीनं आता पत्त्याचा पुरावा मागितला. विजेचं बिल चालेल म्हणाली, नवऱ्याच्या नावावरचंही चालेल. विजेचं बिल लेखापालांच्या वडिलांच्या नावावर होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण बिलाच्या बाबतीत ते अजून वेळेवर होते. नाव बदलायचं म्हणून लेखापाल दर वर्षी ठरवायचे आणि दर वर्षी वीज कार्यालयातली रांग बघून परत यायचे. आता रांगेला इलाज नव्हता. खिडकीमागच्या माणसानं कागद बघून विचारलं की वडिलांची सही कुठे आहे. लेखापालांनी परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, मग ते नाहीत असं त्यांच्याकडून लिहून आणा. हे तो गमतीनं बोलला की नियमानं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि स्वतः सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे लेखापालांना विचारण्याचं धैर्य झालं नाही. बऱ्याच फेऱ्यांनंतर बिलावर एकदाचं त्यांचं नाव चढलं. वडिलांचं नाव गेलेलं पाहून त्यांना उगाचच वाईट वाटलं आणि जुनं बिल त्यांनी घडी घालून जपून ठेवलं.

खातं उघडलं. या दरम्यान लेखिकेचा एकदा निरोप येऊन गेला होता. कसेही पाठवायचे असतील तरी चालेल, फक्त किती ते सांगा म्हणजे मला अंदाज येईल, असं तिनं फार नम्रपणे लिहिलं होतं. बाईंनी तो लेखापालांना दाखवला. लेखापालांनी बाईंना दाखवला. मार्गाचं काम अंतिम टप्प्यात आहे, असं उत्तर गेलं.

एवढ्यावर थांबले असते तर लेखापाल कसले. विमावाले म्हणाले, साहेब, परक्या बाईचे पैसे येणार, मध्येच कुठे अडकले तर? नवीन पुलावरून आधी रिकामा ट्रक नेऊन बघतात. हे लेखापालांना एकदम पटलं. सेक्रेटरीणबाईंनी तर ती जबाबदारीच घेतली. रविवारी सकाळी इमारतीतली झाडून सगळी मंडळी लेखापालांच्या बाहेरच्या खोलीत जमली. प्रत्येकानं अगदी किरकोळ रक्कम बाईंच्या खात्यात पाठवायची, ती पोचते का बघायचं, असा बेत होता. कुणाकडे त्या कंपनीचं खातं नव्हतं, ते लेखापालांनी तिथल्या तिथे उघडून दिलं. कुणाच्या फोनला रेंज मिळेना, म्हणून घरचंच इंटरनेट सगळ्यांना दिलं. बाईंनी चहा केला. पैसे कशाबद्दल, या चौकटीत विमावाल्यांनी ‘ट्रायल’ लिहिलं, सेक्रेटरीणबाईंनी ‘शुभेच्छा’ लिहिलं, आणि तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी, काय मनात आलं कोण जाणे, ‘उसने घेतलेले परत’ असं लिहिलं.

रक्कम पोचली की खोलीत टाळ्या पडत होत्या. शेवटची टाळी पडली आणि खातं बंद पडलं.

कंपनीचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं. एकाच घरातून, एकाच इंटरनेटवरून, नुकत्याच उघडलेल्या खात्यांमधून, एकामागून एक सारखीच रक्कम एकाच बाईंना पाठवली जात होती, आणि त्या बाईंची ओळख आधीच एकदा संशयास्पद ठरली होती. पैसे फिरवण्याचा हा प्रकार दिसतो, चौकशी पूर्ण होईपर्यंत खातं गोठवण्यात येत आहे. लेखापालांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. ज्या माणसानं ऑफिसातल्या चहाच्या वर्गणीचासुद्धा हिशेब दर शनिवारी भिंतीवर लावला, त्याच्यावर पैसे फिरवल्याचा आळ. खोलीतली मंडळी एकेक करून चपला घालू लागली. डॉक्टरांना तर अचानक पेशंट आठवला.

लेखापालांनी कंपनीकडे दाद मागितली. तिथे माणूस नव्हता, उत्तरं देणारं यंत्र होतं, आणि ते त्यांच्या प्रत्येक वाक्याला ‘तुमची अडचण मी समजू शकतो’ असं म्हणत होतं. त्यांच्या अडचणी समजू शकणारं कुणीतरी भेटावं अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती, पण ती अशी पुरी होईल असं वाटलं नव्हतं. त्यानंतर चारपाच दिवस जिन्यात भेटणारा प्रत्येक जण हवापाण्याचं बोलून झाल्यावर सहज विचारायचा, की साहेब, ते आपल्या ट्रायलच्या पैशांचं काय झालं. लेखापालांनी सगळ्यांचे पैसे खिशातून चुकते केले. विमावाल्यांनी चहा घेतला होता, तरी पूर्ण रक्कम घेतली.

राहता राहिली बँक. बँकेत लेखापालांचं खातं तरुणपणापासूनचं. काउंटरवरच्या मुलीनं त्यांचं म्हणणं ऐकलं आणि विचारलं, “काका, चित्र म्हणजे माल की सेवा?”

 प्रश्न लेखापालांना अपमानकारक वाटला नाही, उलट फार आवडला. चित्र कागदावर पाठवलं तर माल, इंटरनेटवरून पाठवलं तर सेवा, आणि कागदावर काढून त्याचा फोटो इंटरनेटवरून पाठवला तर काय, याचा विचार करत ते घरी आले. रात्रीच्या जेवणाला हाच विषय. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “बदक आहे ते.” यावर लेखापालांनी बँकेला सविस्तर प्रश्न लिहून द्यायला घेतला, आणि तो कच्चा मसुदा तिसऱ्यांदा पक्का होत असताना लेखिकेचा निरोप आला.

या खेपेला तो आखूड होता. तुमची अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा, तिनं लिहिलं होतं. छापखान्याला मला शुक्रवारपर्यंत नाव कळवायचं आहे. एक तरुण चित्रकार तयार आहे. मला बदक तुमच्याच हातचं हवं होतं, पण किती ते कळल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. शक्य असेल तर उद्या सकाळी फोनवर बोलू या, समोरासमोर दिसू असं.

 लेखापाल मसुदा हातात घेऊन आतबाहेर करत राहिले. थोड्या वेळानं ते खिडकीकडे गेले तर टेबल स्वच्छ पुसलेलं होतं. ब्रश धुऊन, टोकं सारखी करून, फडक्यात गुंडाळून ठेवले होते. रंगांच्या डबीला झाकण लावलं होतं. शेजारी चित्रांचा गठ्ठा होता, तो लेखापालांनी उचलला. त्यांचा नियम होता की चित्र बाहेर जायचं नाही. काढायचं नाही असा नियम नव्हता, आणि बाईंनी इतक्या दिवसांत सबंध पुस्तक काढून ठेवलं होतं. काठावर उभं राहून पाण्यात एक बोट बुडवून बघणारं बदक. पावसाच्या डबक्याला वळसा घालून जाणारं बदक. बाकीची पोहत असताना त्यांच्या चपला सांभाळत बसलेलं बदक. हे शेवटचं पाहून लेखापालांना आधी हसू आलं आणि मग त्यांनी ते पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिलं.

“झाकण का लावलंस?” त्यांनी विचारलं.

“वाळतात रंग,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “त्या मुलालाही काम हवंच असेल ना. जाऊ द्या. मला नाही जमायचं पैसे सांगायला. इतकी वर्षं तसंच दिलं, आता आकडा जिभेवर येत नाही. वाटतं, ती म्हणेल एवढे कशाचे.”

यावर लेखापालांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. पण त्यांना कळून चुकलं होतं की मार्ग शोधण्याचा हा सगळा खटाटोप आपण आकडा टाळायला केला, आणि बाईंनी तो तेवढ्याचसाठी चालू दिला. पैसे कसे घ्यायचे हे अख्ख्या इमारतीनं डोक्यावर घेतलं होतं. किती घ्यायचे, हे कुणी तोंडातून काढलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “उद्या बोलू तिच्याशी. मी बसतो शेजारी.”

सकाळी बाई इस्त्रीची साडी नेसून बसल्या. लेखापालांनी ऑफिसातला शर्ट घातला. कुणालाही बोलवायचं नाही असं ठरलं होतं, पण विमावाले पेपर मागायला आले आणि बसले, आणि सेक्रेटरीणबाई पेपर मागायला आलेल्या विमावाल्यांना बघून आल्या. त्यांना कॅमेऱ्याच्या बाजूला, भिंतीकडच्या बाकावर बसवलं. लेखिका पडद्यावर आली. पांढऱ्या केसांची, बाईंच्याच वयाची होती, आणि सावकाश बोलायची, त्यामुळे दोघांनाही सगळं समजत होतं. बाईंनी एकेक चित्र वर धरलं. चपला सांभाळणारं बदक पाहून लेखिका इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

लेखापालांनी रकान्यांचा कागद पुढे ओढला आणि मार्गाविषयी निवेदन सुरू केलं. लेखिकेनं त्यांना मध्येच थांबवलं. तिची बँक सगळीकडे पैसे पाठवते, बाईंचा खातेक्रमांक मिळाला की झालं, माल की सेवा ते तिची बँक बघेल, असं ती म्हणाली. लेखापालांनी कागदाची घडी घातली. महिनाभर उपसलेले कष्ट एका वाक्यात निकालात निघाले होते, आणि सेक्रेटरीणबाई बघत होत्या.

“पण एका चित्राचे किती?” लेखिकेनं विचारलं.

 चेकपासून भाच्यापर्यंत सगळे मार्ग ज्यांना ठाऊक होते, ते दोघं पंख्याकडे बघू लागले. बाईंनी लेखापालांकडे पाहिलं. लेखापालांनी बाईंच्या बोटांकडे पाहिलं, नखात अजून पिवळा रंग होता. बाईंनी अगदी हळू आवाजात सुरुवात केली, “तुम्हाला जे योग्य वाटेल ते…”

“नाही,” लेखापाल म्हणाले.

हा शब्द आपल्या तोंडून गेला हे त्यांना तो गेल्यावर कळलं. मग थांबायला जागा नव्हती. त्यांनी एक आकडा सांगितला. तो ऐकून बाईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. विमावाल्यांनी बाकाची कड धरली.

“इतके का, तेही सांगतो,” लेखापाल लेखिकेला म्हणाले, पण बघत होते बाईंकडे. “मी नोकरी सोडली तेव्हा मला दिवसाचे किती पडत होते ते मला पाठ आहे. त्यात दोनदा चहा व्हायचा, पेपर वाचून व्हायचा, खिडकीतून बाहेर बघून व्हायचं. तरी पगार पूर्ण मिळायचा, आणि तो घेताना मला कधी लाज वाटली नाही. हिला एका बदकाला तीन दिवस लागतात. हिचा चहा गार होतो तरी हिचं लक्ष नसतं. म्हणून माझे तीन दिवसांचे. त्याहून कमी मला घेता येणार नाहीत.”

बाईंनी पाय काढून घेतला. त्या लेखापालांकडे बघतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि या माणसानं त्यांच्या कामाबद्दल ‘छान आहे’ याच्यापलीकडे कधी काही म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, पण पाहुणी समोर होती म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले.

“चालेल,” लेखिका म्हणाली. तिनं विचारसुद्धा केला नाही.

 विमावाले कपाळाला हात लावून कुजबुजले की अजून सांगायला हवे होते. लेखापालांनाही क्षणभर तसं वाटून गेलं, आणि निदान चार दिवसांचे का नाही लावले म्हणून ते स्वतःवर चरफडू लागले. लेखिका कागद आवरू लागली, सगळं ठरलंच आहे, मग छापखान्याला आजच कळवते, असं म्हणाली.

“आणि मुखपृष्ठाचे वेगळे,” बाई म्हणाल्या.

लेखापाल दचकले. सेक्रेटरीणबाई तर उठून उभ्याच राहिल्या. पलीकडे लेखिकेनं पुन्हा चष्मा लावला, लिहायला पेन घेतलं आणि विचारलं, किती?

या खेपेला बाईंनी लेखापालांकडे पाहिलंसुद्धा नाही.